आप्पाचं एकच वाक्य

महिना होत आला. वडवणीहून आप्पाच्या पोराचा, मन्मथचा फोन आला, "काका, आप्पा गेले. बसवलंय त्यांना. या तुमी." पोरगा बापासारखाच, फोनवर जास्त बोलत नाही. बीडहून एसटीत बसलो खरा, पण वाटभर डोळ्यांसमोर आमचा पहिला लघुपट होता…

बीडला एक स्पर्धा असते. शुक्रवारी संध्याकाळी विषय हाती पडतो आणि रविवारी संध्याकाळी लघुपट जमा करायचा. लिहिणं, शूटिंग, एडिटिंग, सगळं त्यातच उरकायचं. आमची टोळी म्हणजे मी आणि शाळेतले दोन मास्तर. नटांचा दुष्काळ, म्हणून वडवणीत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या वर्गमित्राला, आप्पाला, धरून आणला. कॅमेरा सुरू झाला की त्याला स्वतःचं नावही आठवेना. शेवटी मढ्याची भूमिका दिली. तर हा आडवाच होईना! "आमच्यात मढं झोपवत न्हाईत बे, बसवत्यात. मी बसूनच मरणार." लिंगायतांची ही रीत मला ठाऊक होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. बसवला. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला लोड. पडद्यावर बघून पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ते हारवाले पाहुणे शेवटपर्यंत काहीच कसे बोलत नाहीत?" बक्षीस गेलं ते गेलंच. आप्पा मात्र हसून हसून बेजार झाला.

पुढं मढं म्हटलं की आप्पा, हे ठरूनच गेलं. मागच्या खेपेला मात्र तो अडून बसला. छातीचं दुखणं सुरू झालं होतं. दुकानातही दम खात खात चालायचा. म्हणाला, "नात इचारती, आजोबा तुमी सारखं मरता कावून? एक बार जित्ता दाखव की बे मला." चेष्टेत बोलला, पण मी लगेच त्याच्यासाठी दुकानदाराची भूमिका लिहिली. मुद्दाम त्याच्याच तोंडचं वाक्य दिलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा ते, "बसा, चहा यायलाय." दुकान त्याचं, गादी त्याची, वाक्यही त्याचंच. तरी कॅमेऱ्यापुढं एकदा "चहा बसलाय" म्हणाला, एकदा नुसताच हात जोडून उभा राहिला. रविवारची दुपार कलायला लागली. मास्तर वैतागले. मी म्हटलं, चला, आधी जेवून घेऊ. कॅमेरा बंद करायचा राहूनच गेला. तेवढ्यात एक बाई कळशी बघायला आल्या आणि आप्पा मान वर न करता म्हणाला, "बसा, चहा यायलाय."

तेवढंच घेतलं. बक्षीस याही वेळी नाहीच. आप्पाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती क्लिप त्यानं नातीला मोबाईलवर इतक्या वेळा दाखवली, की पोरगी त्याच्याआधीच वाक्य म्हणून मोकळी व्हायची.

वडवणीला पोचलो. आप्पा भिंतीशी बसवलेला. विभूती, हार, पाठीला लोड. हुबेहूब आमचा पहिला लघुपट… फक्त कट म्हटल्यावर हा आता हसणार नव्हता. मी दारात चपला काढल्या. भजनवाले दम खायला थांबले होते. आणि आतल्या खोलीतून आप्पाचा आवाज आला, "बसा, चहा यायलाय."

नात मोबाईल घेऊन बसली होती. मन्मथ घाईनं उठला, तर वहिनींनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. बघू दे तिला."

आवाज परत आला. मी आप्पासमोर बसलो.