जाताना एसटी, येताना सायकल

कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं माझं काम. दुकान म्हणजे सायकल. मागं कॅरिअरला लोखंडी पेटी बांधलेली, तिच्यात रबरी रिंगा, शिट्ट्या, बर्नर, पाने. राहतो छावणीत, पण शहरात माझं पोट भरत नाय. शहरातल्या लोकांचा कुकर बिघडला की ते नवा आणतात. म्हणून मी गंगापूर रोडच्या गावांमधून हिंडतो.

त्या रोडला वारा लई. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो गंगापूरकडून शहराकडं सुटतो. सकाळी सायकलवर निघालं की छातीवर हात ठेवून कुणी मागं ढकलावं तसं होतं. नवीन धंदा होता तेव्हा मी वाळूजलाच दमून जायचो. घरी आलो की भिंतीला टेकून बसायचो, बोलायची पण ताकद नसायची. एक दिवस बायको म्हणाली, "जाताना एसटीनं जावा की. सायकल टपावर टाका. येताना वारा आणून सोडंल घरी."

मला आधी राग आला. अक्कल मला शिकवते का म्हणून. पण दुसऱ्या दिवशी तेच केलं, आणि पुढं जन्मभर तेच केलं. सकाळच्या एसटीच्या टपावर सायकल, गंगापूरला उतरायचं, आणि एकेक गाव घेत वाऱ्याबरोबर परत. गुडघे कुरकुर करायला लागल्यावर गंगापूर सोडलं आणि अलीकडं लिंबेजळगावलाच उतरायला लागलो.

सायकल टपावर चढवणं हे एकट्याचं काम नाय. खालून एकानं उचलून द्यायची, वरून एकानं ओढायची. म्हातारा झाल्यापासून मी फक्त खालून ओरडायचो, "चेन वर कर! हँडल बांध!" बांधायला जुनी ट्यूब मी नेहमी जवळ ठेवतो, दोरी सुटते, ट्यूब सुटत नाय. रेल्वे पण करून बघितली. लासूरला जायला पॅसेंजरच्या खिडकीच्या गजाला दूधवाल्यांच्या कॅनशेजारी सायकल टांगली, तर एका साहेबानं पुढच्या स्टेशनाला मला सायकलीसकट उतरवलं. सिटी बसवाला तर म्हणाला, "चाचा, ही बस हाय, भंगारचा गाडा नाय." एसटीनं मात्र मला कधी नाय म्हटलं नव्हतं.

मोबाईल आल्यावर आमचं एक ठरलं होतं. गोलवाडी फाट्यावर आलो की मी बायकोला मिस कॉल द्यायचा. तिनं उचलायचा नाय, तवा ठेवायचा. मी घरात पाय ठेवीपर्यंत पहिली भाकरी टोपल्यात पडलेली असायची. एकदा तिनं उचलला. मी म्हणालो, "का उचलला? पैसे जातात ना." तर म्हणते, "बघत होते, जित्ते हायत का." आणि फोन ठेवून दिला.

मागच्या संक्रांतीनंतर ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, तिथून परत आणली ती तशीच. त्यात लिहिण्यासारखं काय नाय. मुलगी जालन्याला आहे, ती म्हणाली इकडं या. मी म्हणालो, तिकडं माझ्या ओळखीचा एक पण कुकर नाय.

तिचे दिवस झाले, मी कामाला लागलो. पहिल्याच संध्याकाळी गोलवाडी फाट्यावर पाय टेकला आणि सवयीनं खिशातून फोन काढला. काढला आणि तसाच उभा राहिलो. मागून ट्रकवाला शिव्या देत होता, त्या पण नीट ऐकू आल्या नाय.

त्या दिवसापासून मी सगळं उलटं केलं. सकाळी सायकल मारत जायचं आणि संध्याकाळी एसटीनं यायचं. एसटी त्या फाट्यावरून एका झटक्यात निघून जाते. मी तेवढ्यापुरतं दुसरीकडं बघायचो. मग स्टँडवर उतरायचं, गाड्यावर काहीतरी खायचं, घरी जाऊन आडवं व्हायचं. मला त्या फाट्यावरून सायकलनं घरी जायचं नव्हतं. बाकी कारण काय नाय.

लिंबेजळगावच्या फाट्यावर एक चहावाला आहे, जुना ओळखीचा. त्यानं दोनचार दिवस बघितलं आणि म्हणाला, "आबा, डोकं फिरलं का? सकाळी वाऱ्याच्या तोंडाला येता अन् वारा पाठीवर असला की एसटीत बसता!"

"व्यायाम करतो."

"ह्या वयात? आखाड्यात उतरायचंय का?"

मी चहा पिऊन घेतला.

संध्याकाळच्या एसटीवर बहुतेक वेळा एक कंडक्टर बाई असायची. जिभेला धार, पण मनानं बरी. पंचाहत्तरी झाल्यापासून एसटीत मला तिकीट लागत नाय, सायकलला लागतं. ती गाडीभर ऐकू जाईल असं ओरडायची, "बाबा फुकट, बाबांच्या घोड्याचं तिकीट!" लोक हसायचे. मी म्हणायचो, "बरोबर हाय बाई. किंमत त्याचीच हाय."

श्रावणात एका संध्याकाळी नवी गाडी आली. वर टप नाय, मागं शिडी नाय. डिकी उघडून बघितली तर कुणाच्या तरी टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली. बाई दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आता सगळ्या अशाच गाड्या येणार. तुम्ही या वर, सायकल ठेवा त्या चहावाल्याकडं."

"अन् उद्या?"

"उद्या येऊन घ्या."

"पेटी घरी न्यायची, अन् उद्या छावणीतून काय डोक्यावर घेऊन येऊ का?"

आतून एक पोरगी ओरडली, "आजोबा, चढा नायतर सोडा ना, उशीर होतोय!" बाईनं तिला गप केलं, पण मला हळूच म्हणाली, "बाबा, मला पण थांबता येत नाय हो."

मी एक पाय पायरीवर ठेवला होता. मागं वळून बघितलं. सायकल टपरीला टेकून उभी, तिच्यावर माझं सगळं दुकान. लोकांच्या दारात दुकान टाकून मी घरी कसा जाऊ? पाय खाली घेतला. बाईनं घंटी दिली.

चहावाला म्हणाला, "आबा, ठेवा की, मी काय खाणार हाय का तिला?"

"तुझं काय सांगता येतं," म्हणालो आणि टांग टाकली.

वारा पाठीला लागला. किती महिन्यांनी लागला. पायडल मारायची गरजच पडेना. वाळूजला कंपन्यांची पोरं सुटलेली, त्यांच्या गाड्यांतून वाट काढत आलो. सगळा रस्ता मी एकच ठरवत होतो, की फाट्यावर थांबायचंच नाय.

थांबलो. पायच टेकला गेला. फोन काढला नाय, पण हात खिशावर होता. किती वेळ उभा होतो, माहीत नाय. रडू आलं तर येऊ दे म्हणालो, तर ते आलं नाय. भूक लागली. खरीखुरी, पोटात आग पडल्यासारखी. ती गेल्यापासून मी जेवायची वेळ झाली म्हणून जेवत होतो. आज वाऱ्यानं आणि सायकलनं भूक लावली होती आणि घरी तवा ठेवणारं कुणी नव्हतं. गाड्यावर खाऊन घ्यावं, असं मनात आलं. मग वाटलं, किती दिवस?

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप काढलं, लाईट लावली, सायकल आत घेतली. स्वयंपाकघरात तिचे डबे ओळीनं मांडलेले, एकावर पण काय लिहिलेलं नाय. एकेक उघडून वास घेतला. हळद सापडली, डाळ सापडली, जिऱ्याच्या जागी ओवा सापडला. तांदूळ धुतले, सगळं कुकरात घातलं. जन्मभर लोकांचे कुकर उघडले, पण आपल्या हातानं एक पण चढवला नव्हता. पाणी किती घालायचं, ते कळेना. अंदाजानं घातलं.

शिट्टी झाली तशी शेजारची बाई दारात आली, हात पिठाचेच.

"बाबा, घरात शिट्टी झाली! कोण आलंय?"

"कोण येणार? मीच आलोय."

ती तिथंच उंबऱ्यावर उभी राहिली. कुकराकडं बघून म्हणाली, "मीठ टाकलं का?"

नव्हतं टाकलं. वरून घालून खिचडी खाल्ली. खाली थोडी लागली होती, ती पण खरवडून खाल्ली.