कसालची कंपनी आणि माडाला बांधलेला पत्रा

नवरा सतीश माशांसाठी निघाला होता, मी गंजासाठी. बाबांची जुनी जीप आमच्या कोल्हापूरच्या अंगणात कधीची सुटी करून ठेवली आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचा हट्ट माझा. ठोकायचे हातोडे, गंज काढायचं पाणी, प्रायमर, सगळं मी कसालच्या एका कंपनीकडून मागवते. गाडीच्या तळासाठी नवा लेप येतोय असं त्यांनी कळवलं, तेव्हा म्हटलं, पार्सलची वाट कशाला बघायची? दिवाळी झाली की जाऊनच आणू. सतीशने लगेच होकार दिला आणि सोलकढीचा विषय काढला.

राधानगरीवरून घाट उतरलो. रस्ता अरुंद, वळणावर ट्रक अंगावर येतात, तेव्हा लवकर निघा आणि घाई करू नका. फोंडाघाटच्या बाजारात चहा-भजी झाली. पुढे कणकवलीपासून महामार्ग गुळगुळीत, जेवणाच्या आत कसालला पोचलो.

कंपनी म्हणजे काजूचं एक जुनं गोदाम आणि त्याला लागून उभी राहिलेली कोरी करकरीत शेड. मालक विनायक परब चाळिशीचा, चालता चालताच बोलणारा. मुंबईत गॅरेजमध्ये डेंटिंग करायचा. गावी परतला तर खाऱ्या वाऱ्याने इथल्या सगळ्यांच्याच गाड्या खाल्लेल्या. मग एका टेबलावर गंजाचं पाणी विकायला ठेवलं, त्यानंतर हातोडे आले, जोडकामाचे तयार पत्रे आले. आता इथून खोकी लुधियाना नि कोइमतूरला जातात. माहेरच्या माणसाची भरभराट बघावी तसा मला अभिमान वाटला. माझा त्यात वाटा काय, असं सतीशने विचारलंच. गिऱ्हाईक आहे मी, म्हटलं.

नव्या लेपाचे डबे ट्रकमध्ये चढत होते. दिल्लीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने सगळा माल मागितला होता आणि त्याच्याच भरवशावर ही शेड बांधली होती. मी दोन डबे मागितले. विनायक म्हणाला, उद्या सकाळी गाऱ्हाणं झालं की पहिले तुमचे. नवं काम काढलं की इथे गावातला जाणता माणूस देवाला सगळं मोठ्याने सांगतो आणि जमलेले त्याला साथ देतात, ते गाऱ्हाणं. मुक्कामाला त्याने आपल्या आईकडेच पाठवलं, तळाशीलला. ती दोन खोल्या पाहुण्यांना देते.

तळाशील म्हणजे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि मधे जेमतेम वस्ती. सुरमईचं ताट साडेतीनशेला, भात हवा तेवढा. सतीशने तिसऱ्यांदा भात मागून घेतला. अंगणातल्या माडांना दोन्ही बाजूंनी रंगवलेले लोखंडी पत्रे घट्ट बांधलेले होते. विनायकच्या आईने, काकींनी सांगितलं, त्याचा प्रत्येक माल आधी इथे एक पावसाळा काढतो, मगच विकला जातो. नव्या लेपाचा पत्राही तिथेच होता. मी त्यावरून हात फिरवला. आरशासारखा गुळगुळीत. उद्याचे डबे मला आत्ताच आपले वाटायला लागले.

सकाळी काकी आमच्याच गाडीतून कसालला आल्या. तो पत्रा देवापुढे ठेवायचा होता, म्हणून तो त्यांनी माडावरून सोडून जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. वाटेत मी बरंच बोलले, त्या फक्त हुंकार देत होत्या.

शेडमध्ये नारळ मांडला होता. गाऱ्हाणं घालणारे गावातले जाणते आबा धोतर नेसून, हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान जो नवो माल काढल्यान हा, तो खाऱ्या वाऱ्यात टिकतलो, तेका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीसुद्धा. काकींचे ओठ हलले नाहीत. विनायकच्या ते लक्षात आलं.

"आये, तू गप कित्या?"

काकींनी लुगडं सोडलं आणि पत्रा उलटा करून नारळाशेजारी ठेवला. "पत्र्याची पाठ बघलंस तू? फोड इलेत. आणि म्हाराजाक सांगतंस, टिकतलो म्हणान?"

माडाला टेकलेली बाजू. तिथे वारा लागत नाही, ओल सुकत नाही. गाडीचा तळही असाच असतो आणि लेप तर तळासाठीच होता. समोरची चकाकती बाजू सगळ्यांनी पाहिली होती, विनायकनेही. तो बराच वेळ नखाने फोड खरवडत राहिला. आता सगळंच पणाला लागलं होतं. ती शेड, तो ट्रक, आणि खरं सांगते, माझे दोन डबेसुद्धा.

"डबे उतरवा," तो म्हणाला. "आणखी एक पावसाळो काढूया."

कुणी हुज्जत घातली नाही. दिल्लीला त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला, स्वच्छ मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं की माल तयार नाही, थांबायचं तर थांबा. पलीकडून आवाज चढला होता, याचा उतरला नाही. मग आबांनी पुन्हा हात जोडले, या वेळी जुन्याच मालासाठी. आता काकींचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठा होता.

मी रिकाम्या हाताने परतले, म्हणजे काजू आणि सुके बांगडे सोडून. घाट चढताना थोडी धुसफुस केली. माझी जीप वर्षभर लांबली होती.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. जीपचा तळ मी मागेच आतल्या बाजूने घासून, प्रायमर मारून ठेवला होता. वरून झकास दिसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतेही. रविवारी चटई टाकून पहिल्यांदाच खाली शिरले. सतीशने बॅटरी धरली. आडव्या पट्टीच्या मागे पत्र्यात बोट आरपार गेलं.

"झाली का गाडी?" त्याने वरून विचारलं.

नाही म्हटलं. आणि घासायचा ब्रश मागून घेतला.