विसाजीपंतांच्या तीन हाका

कोणी मेल्याची बातमी आली तरी विसाजीपंत ती लगेच लिहीत नसत. बोरू कानावर ठेवून ते उठत, त्या माणसाच्या घरी जात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून नाव घेऊन तीन हाका मारत. प्रत्येक हाकेनंतर, ओ यायला लागेल एवढा वेळ थांबत. मग घरी येऊन लिहीत. आत रडारड चालू असली तरी हा नेम चुकत नसे. पुण्यात काही लोक त्यांना वेडे म्हणत, काही भीत. घरात कोणी आजारी असेल आणि पंत बोळातून येताना दिसले, तर बायका दार लावून घेत.

पंत अखबार लिहीत. पुण्यात काय घडले, कोण आले, कोण गेले, पाऊसपाणी कसे, हे कागदावर उतरवून दूर मोहिमेवर असलेल्या एका सरदाराच्या छावणीत जासुदाहाती धाडत. नक्कल करायला त्यांनी मला ठेवले, तेव्हा मी पंचविशीचा होतो. मी सासवडचा. वडील देवळात पाणी भरत. आमच्या घरात अक्षर शिकलेला मी पहिला. माझा नमुन्याचा कागद पाहून पंत म्हणाले, "अक्षर चांगलं आहे, सासवडकर. आता त्यात खोटं बसवू नका, म्हणजे झालं." पाणक्याच्या मुलाला 'तुम्ही' म्हणणारे ते माझ्या आयुष्यातले पहिले गृहस्थ. तो उपकार मी विसरलेलो नाही.

त्यांचे बोलणे तोडून टाकल्यासारखे असे. उशिरा लिहिता म्हणून कोणी टोमणा मारला तर म्हणत, "ताजी भाजी बाजारात मिळते. इथे खरी बातमी मिळते." आणि मला नेहमी सांगत, "कान लबाड, डोळा आळशी. पाय तेवढे इमानी. चालत जाऊन या, मग लिहा."

त्या वर्षी श्रावणात मुठेला पूर आला. नदीच्या वाळवंटाला लागून एक नवी वस्ती होती. मोहिमेवर गेलेल्या शिपायांची बायकामुले आणि त्यांच्या आधाराने चार न्हावी-परीट तिथे राहत. ती जागा सरकारातल्या एका कारभाऱ्यांनी दिली होती. जुन्या कोळ्यांनी 'इथे नदी येते' असे सांगितले होते, तरी दिली होती. पहाटे पाणी आले आणि दुपारपर्यंत उतरले.

पंतांबरोबर मी तिथे गेलो. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, पण दगडी उंबरे जागच्या जागी होते. चिखलात उंबऱ्यांची एक लांब रांग, आणि त्यांच्यामागे घरे नाहीत. बाभळीत एक पाळणा अडकला होता. पंत पहिल्या उंबऱ्याशी थांबले आणि त्यांनी हाक मारली. तीनदा. मग दुसऱ्याशी. आवाज पाण्यावरून जाई आणि परत येत नसे. चार दिवस आम्ही हेच केले. प्रेते सापडली नाहीत. माणसे वाहत खाली मांजरी गावाकडे लागली असतील म्हणून पंत तिथवर चालत गेले, काठाकाठाने विचारत आले. कोणी आले नव्हते. मग कागदाचे तीन लांब बंद नावांनी भरले.

ते छावणीत जायच्या आत शहरात दवंडी पिटली गेली : नदीला पाणी आले होते, ते ओसरले, वस्तीतली माणसे पाहुण्यांकडे सुखरूप आहेत, मेल्याच्या कंड्या पिकवणारे अखबारवाले सरकारचे वैरी. दुसऱ्या दिवसापासून लोकांची नजर बदलली. तांबोळ्याने दुकानातूनच विचारले, "काय पंत, आज किती बुडवले?"

पंत थांबले. "तुमचं नाव अजून आलेलं नाही. आलं की हाक मारीन."

तांबोळ्याने हातातले पान खाली ठेवले.

मग कचेरीत बोलावणे आले. वस्तीला जागा देणारे तेच कारभारी समोर होते, हसतमुख.

"पंत, पूर एका दिवसाचा असतो. तुम्ही अखबारवाले तो महिनाभर वाहता ठेवता."

"मी फक्त नावं लिहिली."

"ती नावं छावणीत वाचली गेली की शिपाई रातोरात घरी पळतील. मोहीम बुडाली तर ती कोणाच्या माथी?"

"ते घरी पत्रं धाडताहेत," पंत म्हणाले. "जासूद ती पत्रं घेऊन माझ्या दारात उभा राहतो. विचारतो, कोणाच्या हाती देऊ? मी काय सांगू?"

"सांगा की पाहुण्यांकडे गेलेत. नाहीतर प्रेतं दाखवा."

"नदीनं ठेवली नाहीत."

कारभारी मागे टेकले. "आपण म्हणे हाका मारून मेलेले ठरवता. चला तर. उद्या आमच्यासमोर मारा. ओ आली तर नाव खोडायचं आणि हा धंदा सोडायचा. नाही आली तर आपला कागद आमच्या शिक्क्यानं जाईल. आहे कबूल?"

"कबूल," पंत म्हणाले. मला वाटले, हे त्यांनी कबूल करायला नको होते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही वस्तीवर गेलो. ऊन कडक होते. चिखल वाळून तडकला होता आणि पावलाखाली खापरीसारखा वाजत होता. कारभाऱ्यांसाठी छत्री धरली होती. पंतांनी बंद उलगडला आणि पहिले नाव घेतले. "तुकोजी न्हावी!"

दुसऱ्याच हाकेला एका पडक्या भिंतीमागून जाड आवाज आला, "ओ!"

"पुढे या, तुकोजी," पंत म्हणाले. कोणी आले नाही. भिंतीमागे पागोट्याचे टोक मला स्पष्ट दिसले. पंतांनाही दिसले असावे.

"ओ आली ना?" कारभारी म्हणाले. "पुढे या म्हणायचा नेम नव्हता. खोडा."

पंतांनी मला दौत पुढे करायला सांगितली आणि तुकोजीच्या नावावर रेघ ओढली. त्यांच्या हातून झालेली ती पहिली खोटी रेघ. मला रडू आले.

"पुढचं घ्या."

पुढचे नाव बाईचे होते. भिंतीमागच्या माणसांना ते ठाऊक नसावे. पंत पलीकडच्या उंबऱ्याशी गेले. नदी तिथून आठ-दहा पावलांवर होती. त्यांनी हाक मारली, "सगुणा!"

"ओ."

आवाज बाईचा होता. लांबून आला नाही. उंबऱ्याच्या आतून, घरातून बोलावे तसा आला. आणि उंबऱ्याच्या आत तडकलेल्या चिखलाशिवाय काही नव्हते.

भिंतीमागचे दोघे शिपाई धावत बाहेर आले. एकाची चप्पल मागेच राहिली. "सरकार, आम्ही नाही! देवाशपथ, आम्ही नाही!" कारभाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते उंबऱ्याकडे बघत होते. छत्री धरणारा मागे सरकला होता आणि ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडले होते.

पंतांनी बोरू दौतीत बुडवला. शांतपणे विचारले, "ओ आली. खोडू?"

"नको," कारभारी म्हणाले. मग मोठ्याने, "नका खोडू! काही खोडू नका!"

तुकोजीचे नाव मी तिथेच, उभ्या उभ्या, पुन्हा लिहिले. संध्याकाळी कागद शिक्क्यानिशी गेला. कारभाऱ्यांनी त्या गोष्टीचा शब्द पुन्हा काढला नाही. महिनाभराने मात्र सरदाराकडून पंतांना निरोप आला, आता आपल्या अखबाराची गरज नाही, दुसरा माणूस ठेवला आहे. पंतांना राग आला नाही. म्हणाले, "कागद गेला ना? मग झालं." त्यांनी कोकणात बहिणीकडे जायचे ठरवले. तिथेच ते चार वर्षांनी वारले.

ते निघायच्या दिवशी आम्ही दप्तर बांधत होतो. दारात एक शिपाई येऊन उभा राहिला. पाय फुटलेले, अंगावर धूळ.

"मी सगुणाचा नवरा," तो म्हणाला. "छावनीत तुमचा कागद वाचला. रजा न्हाई दिली, तसाच आलो."

पंतांनी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

"कागदावर तिचं नाव हाय, ते म्या मानलं. पन वाघोलीला मुक्कामाला लोक म्हनत व्हते, तिनं ओ दिली. खरं हाय का?"

"ऐकली," पंत म्हणाले. "पाहिली नाही."

"कशी दिली?"

पंतांनी हातातले दप्तर खाली ठेवले. कानावर विश्वास न ठेवणारा हा माणूस काय सांगणार, याची मला भीती वाटली.

"एका हाकेत दिली," ते म्हणाले. "घाईनं. चुलीपुढून उठता उठता बाई देते तशी. भ्यालेली नव्हती."

शिपाई मान हलवत राहिला. "घाईच असायची तिला," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून नदीच्या बाजूला गेला.

सवयीने मी कागद ओढला आणि छावणीतून शिपाई आल्याचे लिहू लागलो. पंतांनी कागदावर हात ठेवला.

"हे नको, सासवडकर. बातमी त्याला पोचली. यापुढचं त्याचं आहे."

मी बोरू खाली ठेवला. पंतांच्या मागे मी बावीस वर्षे अखबार लिहिला, पण हे कुठे लिहिले नाही. तो शिपाईही वारल्याचे परवा कळले, म्हणून आज लिहिले.