कमांडरांची दाढ

कमांडर कुणाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत नसत. समोरच्याच्या तोंडून पहिली थाप निघाली की नाकातून ‘हुं’ असा आवाज काढत आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत. आमच्या रनाळ्यात थापांना कधीच तोटा नव्हता, त्यामुळे माझ्या मेडिकलसमोरच्या स्टुलावर बसून त्यांचा बराचसा वेळ रस्ता बघण्यातच जाई.

ते पाठीच्या गोळ्या न्यायला येत. नौदलात वैमानिक होते. समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावातला माणूस जहाजावरून विमान उडवतो, हे गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. ‘‘बोटवर इमान कसं मावस?’’ असं कुणीतरी विचारी आणि बाकीचे खिदळत. शहाणपणाची आमच्याकडे एवढीच धाव.

मला त्यांनी एकदा समजावलं होतं. विमानाच्या शेपटीखाली आकडा असतो. जहाजावर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकला तर विमान थांबतं, नाहीतर लगेच पुन्हा उडायचं.

‘‘आणि उडता नाही आलं तर?’’

‘‘तर माशांची सोय, शेठ.’’

युद्धात शत्रूच्या बंदरावर हल्ला करताना त्यांचं विमान तोफेनं टिपलं. खुर्चीसकट बाहेर फेकले गेले ते थेट समुद्रात. मणका दुखावला. तिथल्या कोळ्यांनी बाहेर काढलं, वल्ह्यांनी बदडलं आणि लष्कराच्या हवाली केलं. पुढे लांबलचक कैद. इकडे आईनं त्यांचं दहावं-तेरावंही उरकून टाकलं होतं. सुटून आले, पण डॉक्टरांनी पुन्हा विमानात बसू दिलं नाही. उरलेली नोकरी नव्या मुलांना वर्गात बसून उड्डाण शिकवण्यात गेली. ‘‘मी म्हणजे विहिरीच्या काठावरचा पोहणारा,’’ असं स्वतःबद्दल म्हणत. ‘हुं’मधून त्यांनी स्वतःलाही वगळलं नव्हतं. निवृत्तीनंतर गावी आले, मिरची लावली आणि विधवा बहीण बनाबाई हिच्याबरोबर राहिले.

गावाला ते आठवले ते दादासाहेबांमुळे. दादासाहेब आमचे पुढारी. तरुणपणी सैन्यभरतीच्या मैदानावरून पोटात दुखतं म्हणून पळून आलेला हा गृहस्थ दर स्वातंत्र्यदिनाला देशासाठी रक्त सांडायला निघे, अर्थात माईकवरून. गावाच्या वेशीवर कमान बांधून तिला कमांडरांचं नाव द्यायचं त्यानं ठरवलं. त्यासाठी शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला.

‘‘शत्रूनं यांचे हाल हाल केले,’’ दादासाहेब गरजले, ‘‘पण हा वाघ त्यांच्या तोंडावर थुंकला!’’ टाळ्या पडल्या. कमांडर काठी टेकत माईकपाशी गेले.

‘‘मी थुंकलो नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कैदेत माझी दाढ दुखत होती. मी लहान पोरासारखा रडलो. त्यांच्या डॉक्टरनं ती काढली. मी त्याला थँक्यू म्हणालो.’’

आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून कमांडर देशद्रोही झाले. ज्यांनी तालुक्याची हद्द फक्त वरातीसाठी ओलांडली, ते त्यांना देशभक्ती शिकवू लागले. टारगट पोरं मोटरसायकलवरून जाताना ‘थँक्यू, थँक्यू’ असं ओरडत. कमान झाली, पण तिच्यावर नाव आलं दादासाहेबांच्या वडिलांचं. त्या सद्गृहस्थांनी जन्मात पत्त्यांच्या डावापलीकडे काही जिंकलं नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हणालो, ‘‘कमांडरसाहेब, थुंकलो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?’’

त्यांनी मान रस्त्याकडे फिरवली. मग म्हणाले, ‘‘शेजारच्या कोठडीत आपलाच एक जण होता. तो खरंच थुंकला. तो परत आला नाही. त्याचं थुंकणं मी माझ्या नावावर कसं चढवू, शेठ?’’

हे त्यांनी त्या दिवशी माईकवर सांगितलं असतं, तर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण रनाळ्याची ती लायकी त्यांना वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दादासाहेब फोटोग्राफर घेऊन हजर झाले. अंगणात तिरडी बांधली होती, तिच्यापाशी उभं राहून त्यांनी सुरुवात केली, ‘‘हा वाघ शत्रूच्या तोंडावर...’’

‘‘दादा, बस झायं,’’ बनाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी दादासाहेब थांबले. ‘‘मन्हा भाऊ दाढ दुखनी म्हनीसन रडना. तो जसा व्हता तसाच जाऊ द्या.’’

मी आणि शेजारचे दोघे खांदा द्यायला वाकलो. फोटोग्राफर सरसावला तसे दादासाहेब चौथ्या टोकाकडे निघाले. बनाबाईंनी त्यांना हातानं बाजूला सारलं, पदर खोचला आणि ते टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.