मामांच्या गळ्यातली खार

पूर्णा जंक्शनवरून आजवर जे रेल्वेवाले निवृत्त झाले, त्यांत सशाचा, खारीचा, अस्वलाचा आणि घुबडगुरुजींचा आवाज एकाच दमात काढू शकणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सगळ्या निवृत्तांची मी गणती केलेली नाही, तेव्हा हे पुराव्यानिशी नाही सांगता येणार. पण मामांनी नोकरी केली ती मालगाडीच्या गार्डाची, म्हणजे पन्नास डब्यांच्या शेपटीला एकट्यानं बसून. चुडावा स्टेशनात बाजूच्या रुळावर गाडी उभी करून ठेवली, की तिच्या शेजारून एक एक्स्प्रेस, मग दुसरी, मग काहीच नाही, असं तासन्‌तास चालायचं. अशा वेळी मामा रुळाकाठच्या शेळ्यांशी, मुंगसांशी आणि तारेवरच्या पाखरांशी बोलत. नुसते बोलत नसत, त्यांच्या वतीनं उत्तरंही देत. "जावईबापू, शेळी मनानं लय साधी असते," असं ते मला एकदा म्हणाले, ते एखाद्या जुन्या सहकाऱ्याविषयी बोलावं तसं.

ही विद्या निवृत्तीनंतर वायाच जायची, पण त्यांच्या एका भाच्यानं पुण्याहून एक पेनड्राइव्ह आणला. त्यात लहान मुलांचा एक कार्टूनपट होता. सुट्टी लागलेलं बर्फातलं जंगल, तिथले घुबडगुरुजी, शाळकरी पिल्लं, आणि त्यांतला एक लाजरा ससा. त्याला शाळेत नवीन आलेली खार आवडते आणि ते तिला सांगायची हिंमत काही होत नाही, एवढीच गोष्ट. अडचण भाषेची होती. ती मराठी नव्हती, हिंदी नव्हती, इंग्रजीही नव्हती. कुठली होती हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पहिल्या दिवाळीत कॉलनीतली लेकरं पाच मिनिटं बघून उठायला लागली, तेव्हा मामांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, पलंगावर मांडी ठोकली आणि सशाच्या आवाजात म्हणाले, "ये भाऊ, कुठं निघालास? माझी फजिती तर बघून जा." त्या दिवसापासून दर दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ होत आला आहे.

मामांच्या आवृत्तीत त्या जंगलाचा पत्ता सेलूच्या अलीकडचा आहे. पडद्यावर पडतो तो बर्फ नाही, तो जिनिंगच्या कारखान्यातून उडालेला कापूस. आमच्या ओवीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, तिसरीत असताना परीक्षेत 'बर्फ कशापासून बनतो' याचं उत्तर 'सरकी काढल्यावर' असं लिहिलं, आणि मला शाळेत जाऊन बसावं लागलं. अस्वल हे स्टेशनमास्तर असून ते सतत झोपलेले असतात. मूळ चित्रात ते हिवाळ्यामुळे झोपत असावेत, पण मामांच्या मते तो जुना वैयक्तिक अनुभव आहे. खारीचं नाव सुमी. ससा तिच्यासाठी जे काही तपकिरी फळ खिशात घेऊन अख्खं चित्र हिंडतो, ते बोर. खेळ सुरू होण्याआधी मामा गार्डाची शिट्टी वाजवतात, हिरवी झेंडी दाखवतात. मध्येच कुणाला लघवीला जायचं असलं, तर लाल झेंडी निघते, ससा एक पाय उचललेला तसाच थांबतो आणि मामा जाहीर करतात, "गाडी उभी हाय. उतरणाऱ्यांनी चप्पल घालून उतरावं."

एकदा शेजारच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "मामा, लेकरांना हे प्रेमाबिमाचं काय दाखवायलात? वय हाय का त्यांचं?"

मामांनी शांतपणे लाल झेंडी काढली. "बाई, तो ससा हाय. त्याला एक बोर द्यायचंय. यात तुमाला काय दिसलं?"

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बसल्या, आणि शेवटपर्यंत बसल्या. खारीनं बोर घेतलं तेव्हा त्यांनीच सगळ्यात आधी टाळी वाजवली.

शेवटचा प्रसंग गोठलेल्या तळ्यावरचा. तिथं ससा एकदाचा विचारतो, "सुमे, सुट्टी संपल्यावरबी माझ्यासंगं खेळायला येशील का?" आणि खार म्हणते, "येईन की. कामून न्हाई येणार?" हे खारीचं वाक्य मामा इतक्या बारीक, नितळ आवाजात म्हणत, की डोळे मिटले तर पलंगावर सहा फूट उंचीचा, मिशीवाला गार्ड बसलाय यावर विश्वास बसू नये. यानंतर स्वयंपाकघरातून मामींचा आवाज ठरलेला. मामी खेळ बघायला कधी बाहेर येत नसत, पण ऐकत सगळं.

"त्या सश्याच्या तोंडून एवढं गोड बोलता, मला तर 'जेवाया वाढ' याच्या पुढं कधी काही इचारलं न्हाई!"

"तू काय खार हायेस का?"

"खार असते तर झाडावर ऱ्हायले असते. तुमच्या क्वार्टरात कशाला आले असते?"

मामांचा संसार हा असा. दोघांना शेजारी बसून बोलताना मी तरी पाहिलेलं नव्हतं. मामा बाहेरच्या खोलीत, मामी आतल्या, आणि मधल्या दारातून वाक्यांची मालवाहतूक.

गेल्या उन्हाळ्यात मामांचा आवाज चिरकायला लागला. आधी पाणी, मग हळद, मग मध असं करत शेवटी परभणीच्या डॉक्टरांकडं गेलो. स्वरयंत्रावर गाठ निघाली. काढावी लागली. ती तपासणीला गेली तेव्हाचे दिवस मामींनी कसे काढले ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवसांत त्यांनी मामांना एकदाही टोमणा मारला नाही. गाठ साधी निघाली. पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मामांनी गार्डाची शिट्टी गळ्यात अडकवली आणि चहासाठी एक, पेपरसाठी दोन अशी वाजवायला लागले. मामी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. "घरात मालगाडी घुसली का काय म्हनते मी! एकदा धडकली म्हंजे कटकट मिटेल!" हे ऐकून आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आवाज परत आला, पण जाडा होऊन. अस्वल आलं, घुबडगुरुजी आले, ससाही जरा घसा बसल्यासारखा का होईना, आला. दिवाळीच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेलो, तर मामा न्हाणीघरात दार लावून काहीतरी म्हणत होते. बाहेर आले ते चेहरा पाडून.

"जावईबापू, ससा हाय," ते म्हणाले. "खार गेली."

मी म्हटलं, होईल हळूहळू. ते म्हणाले, डॉक्टरांना विचारलंय, वरचा सूर आता यायचा नाही. एवढं बोलून ते खिडकीतून बाहेर बघत बसले. कॉलनीतली लेकरं तिथूनच ओरडत गेली, "मामा, खेळ कधी?" मामांनी हात नुसता हलवला. ओवीनं खारीचं काम करून पाहिलं, पण मामांना ते पटलं नाही. "पोरी, तू पाढे म्हनल्यावानी बोलायलीस." मग तिनं मोबाइलवर त्याच चित्राचा हिंदी अवतार शोधून काढला. लेकरांनी तो पाहिला, आणि त्यात स्टेशनमास्तर नाहीत, सुमी नाही, हे लक्षात आल्यावर एकमतानं ठरवलं, की हे खोटं आहे. मामांनी झेंड्या गुंडाळून ट्रंकेत टाकल्या. या वर्षी खेळ नाही, असंच ठरलं होतं.

तरी पाडव्याला दुपारी लेकरं येऊन बसली. न बोलावता, चपला बाहेर काढून, नेहमीच्या जागी. मग मामांचा इलाज चालला नाही. कापूस पडायला लागला, ससा धडपडला, स्टेशनमास्तर घोरले. झाडामागून खार निघाली, तिनं तोंड उघडलं आणि मामा गप्प. खारीचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. पुढं बसलेल्या एका पोरीनं मागं वळून मामांकडं पाहिलं.

"ये सश्या, झाडाआडून काय बघायलास? इकडं ये की!"

आवाज स्वयंपाकघरातून आला होता. चकली तळता तळता मामी बोलल्या होत्या, आणि बरोबर खारीच्या ओठावर बोलल्या होत्या. एवढ्या दिवाळ्या आतून ऐकून त्यांना सगळं तोंडपाठ झालं होतं. माझी बायको धावली, कढई उतरवली आणि मामींना बाहेर ओढून आणलं. मामी हात पदराला पुसत, "अगं, मला काय येतंय," म्हणत पलंगाच्या कडेला टेकल्या. मामा सरकले. आणि मग तासभर ससा आणि खार असे भांडले, रुसले, बोरावरून एकमेकांना चिडवत राहिले, की लेकरं पडद्याकडं कमी आणि पलंगाकडं जास्त बघत होती.

तळं आलं. मामांचा बसलेला आवाज आणखीच बसला. "सुमे, सुट्टी संपल्यावरबी माझ्यासंगं खेळायला येशील का?"

मामी पडद्याकडं बघत नव्हत्या.

"मामी, बोला ना! खार बोलून गेली की!" लेकरांनी गिल्ला केला.

"थांबा रे. सांगते." मामींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "येईन की. पन आधी दुपारची गोळी घ्या, राहिलीय तुमची."

सशाला गोळी कशाची, यावर लेकरांत वाद लागला. तो मिटेपर्यंत मी मामांना पाणी आणून दिलं, मामांनी गोळी घेतली. ससा आणि खार केव्हाच तळं ओलांडून गेले होते आणि पडद्यावर कुणाकुणाची नावं वर सरकायला लागली होती. लेकरं चकलीच्या डब्याकडं पळाली.

"संपलं का?" मामींनी विचारलं, आणि उठायला लागल्या.

"बस की," मामा म्हणाले. "नावं हायत अजून."

त्या नावांतलं एकही अक्षर दोघांनाही वाचता येत नव्हतं. शेवटचं नाव वर जाईपर्यंत दोघं तशीच शेजारी बसून राहिली.