सुट्या फळ्यांचा पूल

पूर्व जर्मनीतल्या त्या गावात एक जुना लाकडी पूल होता. वर कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती. बायको जवळच्या तांत्रिक विद्यापीठात जुन्या लाकडावर डॉक्टरेट करत होती. पुण्यातली वृत्तपत्राची नोकरी सोडून मी तिच्याबरोबर आलो होतो.

पुलाच्या तुळयांना सुईएवढी भोकं पाडून तिने आतलं लाकूड तपासलं. ते ठणठणीत होतं. धोका फळ्यांचा होता. पाणी चढलं तर त्या ते अडवणार आणि सगळा पूल ढकलला जाणार. खालच्या फळ्या सुट्या करा, असं तिने नगरपालिकेच्या बांधकाम प्रमुखाला सुचवलं. ऐतिहासिक वास्तूला हात लावता येत नाही, असं उत्तर मिळालं.

पूर आला, पूल गेला. बांधकाम प्रमुखाने वार्ताहराला सांगितलं, भारतीय संशोधिकेच्या भोकांनी तुळया कमकुवत झाल्या होत्या. ते छापून आलं. प्राध्यापकांनी तिला हा पूल प्रबंधातून वगळायला सांगितलं. तिचा अर्धा प्रबंध त्या पुलावर होता.

मी खुलासा लिहायला बसलो.

"राहू दे रे," ती म्हणाली. "खुलासे आतल्या पानावर जातात. पूल पुन्हा बांधतीलच ना?"

बांधायला घेतला तेव्हा मुख्य सुताराने तिलाच सल्ला विचारला. खालच्या फळ्या सुट्या झाल्या, प्रत्येक फळी एका पाचरीवर अडकलेली. पाचरीचं जाड टोक वर, बारीक खाली. पुराची सूचना आली की बारीक टोकावर खालून ठोकायचं. बैठकीत तिने हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बांधकाम प्रमुख फोनवर होता. तिने ते पाहून ठेवलं.

छपराचा सांगाडा उभा राहिला की जर्मनीत रिष्टफेस्ट करतात. मालकाने शेवटचा खिळा ठोकायचा. नेम चुकला तर लोक हुर्यो करतात. इथे मालक नगरपालिका, म्हणून मान बांधकाम प्रमुखाचा. खिळ्याऐवजी त्याने एक फळी काढून दाखवावी, हे बायकोने सुचवलं. हातोडाही तिनेच आणला, लाल फीत बांधून.

त्याने वरून हाणला. पाचर आणखी घट्ट बसली. पुन्हा हाणला.

"पाणी आलं, साहेब! पोहता येतं ना?" छपरावरून एक सुतार ओरडला. सगळा काठ हसला.

बायको पुढे गेली. खालून एक ठोका. फळी सुटून तिच्या हातात आली.

"ही का काढायची?" तिने त्याला जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"पाणी अडतं म्हणून."

"आणि माझी भोकं?"

वार्ताहर वही उघडून उभा होता. तोच, मागचा.

"भोकांचा संबंध नव्हता."

"पुन्हा सांगा. ते लिहून घेतायत."

त्याने पुन्हा सांगितलं. ते पहिल्या पानावर आलं, फोटोसकट. पूल प्रबंधात परत गेला.

निघताना तिने हातोडा मागून घेतला. तो आमच्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे, फितीसकट. खिळे ठोकायला आम्ही दुसरा वापरतो.