भाऊजींच्या मते गुन्हेगार

आमच्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याला, स्वतःच्या शुगरचा भारी गर्व. मधुमेह जुना, पण आकडा कायम ताब्यात. तसबिरींना चौकटी करून द्यायचं त्यांचं दुकान. गिऱ्हाईक काचेचं माप सांगे आणि हे त्याला जेवणाचं माप सांगत. "ज्यांचा जिभेवर ताबा नसतो ना, त्यांचीच साखर वाढते!" शेजारचा शिंपी मधुमेहानं चिघळलेला पाय घेऊन अंथरुणाला खिळला होता, त्यालाही भेटायला जाऊन हेच ऐकवून आले. शिंप्याच्या बायकोनं चहासुद्धा विचारला नाही. बरं केलं.

पुढे काच कापून कापून त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरकडे जातील ते भाऊजी कसले! औषधांच्या दुकानातल्या दोस्तानं बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत हात डोक्यावर जाऊ लागला. "गोळी आहे की जादू!" म्हणत रोज घेत राहिले. कसली गोळी, हे विचारायची तसदी घेतली नाही. अक्कल पाजळायची ती दुसऱ्यांपुढे.

घरच्या यंत्रावर आकडा चढू लागला. अडीचशे, तीनशे. भाऊजींनी यंत्र बदललं. नवं यंत्रही तेच बोललं. मग त्यांना गुन्हेगार सापडला: माझी ताई.

"जेवणात काय घालतेस तू?"

"मीठ," ताई म्हणाली.

त्यानंतर हा गृहस्थ भाजीचा वास घेऊन मगच घास उचलायचा. एकदा माझ्यादेखत म्हणाला, "तुझ्या बहिणीला मी जगायला नकोय." ताईनं नळ मोठा सोडला आणि भांडी घासत राहिली. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यातच खोकला झाला, ताप भरला. भाऊजींनी जेवण जवळजवळ सोडलं, तरी आकडा वरच. घसा सारखा कोरडा, लघवीच्या फेऱ्या, आणि एका दुपारी दुकानातच चौकटींना टेकून ते ग्लानीत गेले. तोच शिंपी, आता कुठे उठून चालू लागलेला, लंगडत धावला आणि त्यानंच त्यांना दवाखान्यात पोचवलं.

सलाइन लागली, भाऊजी शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

"छे, काही नाही."

ताईनं त्यांच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून समोर ठेवलं.

"हे स्टेरॉइड आहे," बाई म्हणाल्या. "यानं साखर वाढते. त्यात छातीत संसर्ग. अशा आजारपणात उपाशी राहिलं तरी शरीरच साखर वाढवतं. जेवणाला कशाला दोष देता?"

"मग आजपासून बंद!"

"एकदम नाही! इतके दिवस घेतलंय, एकाएकी सोडलं तर जिवावर बेतेल. आम्ही सांगू तसं कमी करायचं. तोवर इन्सुलिन."

ताई पलंगाशी उभी होती. एक शब्द, निदान एक नजर तिच्याकडे वळेल म्हणून मी वाट पाहत होते. भाऊजी छताकडे बघत म्हणाले, "पाकिटावर हे मोठ्या अक्षरात छापायला काय होतं यांना?"

बरे झाले. आता गिऱ्हाइकांना स्टेरॉइडवर व्याख्यानं देतात, जणू शोध यांनीच लावलाय.

ताईनं मात्र घरी येताच सांगून टाकलं, "तुमचं जेवण तुम्ही करत जा. संशयाला जागा नको." तेव्हापासून भाऊजी रोज स्वतःची भाजी करपवतात, आणि ताई त्यांच्यासमोर बसून आपलं ताट चवीनं, सावकाश संपवते.